जुनी २८ इंची रॅले, घरातलं भंगार आणि पाडव्याची शोभायात्रा: काय लावावं, काय लावू नये?

कोनाड्यातली_सायकल

पाडव्याच्या शोभायात्रेत जुन्या सायकलींचा एक गट निघतोय. अट एकच, सजावटीसाठी नवीन काही विकत आणायचं नाही. घरात पडलेलं किंवा भंगारातलंच वापरायचं.

सायकल आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली आहे. २४ इंची फ्रेम, २८ इंची चाकं, रॉडचे ब्रेक, हाफ चेनकव्हर, कातडी सीट. काळा रंग बऱ्यापैकी टिकलाय, मडगार्डवरच्या सोनेरी रेघा शाबूत आहेत आणि हँडलखालच्या नळीवरचा बगळ्याचा बिल्लाही मूळचाच आहे. त्यामुळे भोक पाडणं, रंग देणं, फेविक्विक वगैरे नको. यात्रा संपल्यावर सायकल होती तशी झाली पाहिजे.

हाताशी असलेला माल: पाचसहा पंक्चर ट्यूबा, घराचं वायरिंग बदलल्यावर उरलेली वायर, एक फाटकी नायलॉन साडी, सोड्याच्या बाटल्यांची डबाभर बुचं, एक्स-रेच्या फिल्मा, सीडींचा गठ्ठा, १५ किलोचा तेलाचा डबा आणि जुन्या स्पोकांची एक जुडी, बऱ्याचशा निपलसकट (निपल म्हणजे स्पोक रिमला आवळणारं छोटं नट).

विचारायचंय ते असं. चाकात काय भरावं? आवाज करणारं काही लावता येईल का? नळ्यांवर कापड गुंडाळलं तर रंगाला धोका आहे का? आणि डबा कॅरियरला छिद्र न पाडता कसा बसवायचा?

निपल_पाना

चाकापासून सुरुवात करतो, कारण तुमच्याकडे त्याचा उत्तम माल आहे आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही. वायर!

१४ गेजचा स्पोक म्हणजे जवळजवळ २ मिमी जाडीचा. घरच्या वायरिंगमधली २.५ स्क्वेअरची (म्हणजे चौरस मिमी) मल्टिस्ट्रँड, बारीक तारांची वायर सोलली की आतल्या तांब्याच्या जुडीची जाडीही तेवढीच भरते. म्हणजे तिचं वरचं प्लास्टिक लांबीत एका बाजूने चिरलं, की स्पोकवर नुसतं दाबून बसतं. डिंक नको, टेप नको. ओढल्याशिवाय निघत नाही, आणि ओढल्यावर मागे डाग राहत नाही. लाल, पिवळी, निळी, हिरवी, काळी, सगळे रंग वायरिंगमध्ये मिळतातच.

चिरायची पद्धत: वायर हातभर लांबीची तोडा. दोन फरशांच्या सांध्यात किंवा लाकडी पट्टीच्या खाचेत बसवा म्हणजे ती गोल फिरणार नाही. कटरचं पातं तिरकं धरून तांब्यापर्यंत एकच सरळ चीर द्या. दोनदा पातं फिरवलं की चीर वाकडी होते आणि नळी स्पोकवर पिळल्यासारखी दिसते. चिरलेली नळी गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवली की मऊ पडते. मग १५ सेंमीचे तुकडे करून बसवा. चीर चाकाच्या आतल्या बाजूला जाऊ द्या, बाहेरून दिसत नाही. वीसेक वर्षं भिंतीत राहिलेल्या वायरचं प्लास्टिक कडक झालेलं असतं, ते चिरताना तडकतं. त्यातला एक तुकडा आधी वाकवून बघा, पांढरी रेघ उमटली तर तो बाजूला टाका. तांबं मात्र फेकू नका, भंगारवाला ते वेगळं तोलतो.

आता महत्त्वाचं. तुमचे ब्रेक रॉडचे आहेत, म्हणजे ब्रेकचे रबर रिमला बाजूने धरत नाहीत, तर आतून, हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) बाजूने वर ओढले जातात. ते स्पोकांच्या अगदी लगत चालतात. नळी चढवली की स्पोकची जाडी २ मिमीवरून साडेतीन मिमीच्या पुढे जाते. म्हणून रिमपासून ४ सेंमी जागा मोकळीच सोडायची, त्यात काहीही नको. याचा दुसरा फायदा म्हणजे निपल उघडे राहतात. चाक आऊट झालं, म्हणजे वाकडं फिरायला लागलं, तर सजावट न काढता पाना लागतो.

सगळे स्पोक भरू नका, गिचमिड होते. पुढच्या चाकात ३२ स्पोक असतात, मागच्यात ४०. पुढे दर चौथा, मागे दर पाचवा घेतलात की दोन्ही चाकांत आठ-आठ पाकळ्या येतात. १५ सेंमीप्रमाणे १६ तुकडे, अडीच मीटर वायर पुरते.

चिंध्या_ते_गोधडी

नळ्यांवर कापड चालेल, पण एका दिवसापुरतं. कापड रंगाला खात नाही, कापडात अडकलेलं पाणी खातं. घाम, पाणी, उडालेलं सरबत, काहीही शोषलं गेलं आणि चार दिवस तसंच राहिलं, की जिथे रंगाला बारीक टवका असेल तिथून गंज आत शिरतो. नायलॉनची साडी आहे हे बरं, ती सुतीपेक्षा कमी ओल धरते. यात्रेहून आल्यावर त्याच संध्याकाळी सोडा.

साडी लांबीत ४ सेंमी रुंदीच्या पट्ट्यांत फाडा. कापू नका, पदराच्या टोकाला एक छोटा छेद देऊन फाडा, पट्टी सरळ निघते आणि कडेला जे थोडे धागे सुटतात ते दिसायला छान असतात. (साडी नायलॉनचीच आहे ना, की काहीतरी बरं आहे? तेव्हा आधी घरात विचारा.) दांडी एक इंच जाडीची, म्हणजे परीघ ८ सेंमी. प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवला तर वेढ्यामागे २ सेंमी पुढे सरकता. दांडीला २८-३० वेढे आणि साधारण अडीच मीटर पट्टी लागते. पाच मीटरच्या एका पट्टीत दांडी आणि सीटची उभी नळी दोन्ही होतात.

उभ्या आणि तिरक्या नळ्यांवर नेहमी खालून वर गुंडाळत जायचं. कौलं घालतात तसं. वरचा वेढा खालच्यावर यायला हवा, म्हणजे पाणी ओघळून जातं. वरून खाली गुंडाळलं तर प्रत्येक वेढा पन्हळीसारखा पाणी आत घेतो.

टोकं बांधायला सेलोटेप अजिबात नको. सोनेरी रेघा आणि अक्षरं बहुधा ट्रान्सफरची, म्हणजे छापील पापुद्रा चिकटवलेली असतात, टेप काढताना त्यांचा पापुद्रा सोबत येतो. पंक्चर ट्यूब आडवी कापली की रबराची कडी मिळते, ५ मिमी रुंदीची. ती बंद नळीवर चढवता येत नाही, म्हणून एका जागी कापून पट्टी करा, दोन वेढे ताणून द्या आणि टोक वेढ्याखाली खोचा. रबर रंगाला थेट लागू न देता कापडावरच येऊ द्या. रबर उन्हात तासन् तास दाबून राहिलं की जुन्या रंगावर फिकट छटा उमटते, आणि रेघेवर उमटली तर जात नाही.

मुठींवर पण हेच करावंसं वाटेल. करा, पण जाडी सांभाळून. रॉडच्या ब्रेकची मूठ हँडलच्या खालून समांतर जाते आणि वर ओढली जाते. ग्रिपवर तीन-चार थर चढले की ब्रेकची मूठ रबर रिमला टेकायच्या आधीच ग्रिपला अडकते. नीट लावल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात ब्रेक लागतच नाही. गुंडाळून झालं की पूर्ण ओढून बघा, चाक जाम झाल्यावर ग्रिप आणि मूठ यांच्यात किमान बोटभर फट राहिली पाहिजे. नाहीतर एक थर उतरवा. गोंडे लावायचे तर ग्रिपच्या बाहेरच्या टोकाला, २० सेंमीपेक्षा लांब नकोत, हँडल वळलं की लांब गोंडा पुढच्या चाकात जातो.

कातडी सीटला वरून प्लास्टिक घालू नका. जुन्या जीन्सच्या पायाचा गोल तुकडा, कडेला नेफा आणि त्यात ट्यूबची पट्टी ओवून पिशवीसारखं कव्हर, एवढं पुरे. पांढरी पडलेलीच जीन्स घ्या, गडद निळी घामाने सुटते आणि पाडव्याला पांढरं धोतर नेसलेलं असेल तर मागून सगळ्यांना कळतं.

सा_आणि_गंधार

निपल_पाना यांचा वायरचा उपाय फर्मास आहे, फक्त आठ-आठचं गणित मागच्या चाकात फसतं.

रिमवर स्पोक एकाआड एक येतात, एक हबच्या डाव्या फ्लँजचा (कडेच्या चकतीचा), एक उजव्या. आणि एकाच फ्लँजचे स्पोकही एकाआड एक उलट दिशांना झुकलेले असतात. त्यामुळे रिमवर चार मोजले की परत त्याच बाजूचा, त्याच कलाचा स्पोक येतो. पुढे दर चौथा घेतलात ते बरोबर, आठही पाकळ्या एका सपाटीत आणि एकाच दिशेला कललेल्या, भिंगरीसारख्या दिसतात. मागे दर पाचवा घेतला की एक पाकळी डावीकडे, दुसरी उजवीकडे, कलही उलटसुलट. सायकल उभी असताना चाक विस्कटल्यासारखं दिसतं. मागेही दर चौथाच घ्या, दहा पाकळ्या येतील. पुढे आठ, मागे दहा, कुणी मोजत बसत नाही. वायर पावणेतीन मीटर धरा.

आता आवाज. पत्त्यांच्या जुन्या कॅटातलं पान कपड्यांच्या चिमट्याने अडकवायचा खेळ सगळ्यांना ठाऊक आहे. पण पानं लवकर पिचतात. तुमच्याकडे एक्स-रे फिल्म आहे, ती याहून चांगली. फिल्म साधारण पाव मिमीहून थोडी पातळ असते आणि वाकून परत सरळ होते. ९ बाय ६ सेंमीचा तुकडा घ्या. एकेरी लावला तर फुरफुर, दुमडून दुहेरी केला तर खणखणीत टकटक. जुनी एटीएम कार्डं लावू नका, ती पाऊण मिमीची असतात आणि वाकत नाहीत, स्पोकवरचा मुलामा खरवडतात.

जागा: सीटखालून मागच्या एक्सलकडे उतरणारी नळी, रिमपासून ५-६ सेंमी आत. तिथे दोन्ही फ्लँजचे स्पोक जवळ आलेले असतात, म्हणून चाळीसच्या चाळीस लागतात. हबजवळ लावलं तर फक्त एका बाजूचे वीसच. फिल्म स्पोकांत १ सेंमीहून जास्त आत नको. चिमट्याचा स्प्रिंग उघडून तो चाकात पडू नये म्हणून वरून ट्यूबच्या पट्टीचे दोन वेढे द्या. ज्या पट्ट्यात फिल्म लागते तिथे निपल_पाना यांच्या नळ्या येतील, तर तेवढ्या स्पोकांवर आवाज दबका येतो. मागच्या चाकात नळ्या ३ सेंमी आत सरकवा किंवा त्या फुसक्या ठेक्याची मजा घ्या: तीन टक, एक थप. तीनतालाला चालतं की.

एक गंमत. २८ इंची चाकाचा घेर टायरसकट सव्वादोन मीटर. ताशी १२ किमीला चाक सेकंदाला दीड फेरा करतं, म्हणजे ३२ स्पोकांवर ४७-४८ टकटक आणि ४० वर ६० च्या आसपास. एवढ्या वेगाला टकटक राहत नाही, घुमणारा सूर होतो. आणि ३२ ला ४० हे प्रमाण म्हणजे चारास पाच, अगदी सा आणि शुद्ध गंधाराचं. दोन्ही चाकं एकाच वेगाने पळतात म्हणून वेग कितीही असो, हे अंतर ढळत नाही. तंबोराही इतका भरवशाचा नसतो.

पण शोभायात्रा चालते ताशी ३-४ किमीने. त्या वेगाला सेकंदाला पुढे १२-१६ आणि मागे १५-२० टकटक, सूर नाही, नुसता कडकडाट. ढोल-ताशा पथक शेजारी असेल तर तोही ऐकू येणार नाही. आवाजावर फार मेहनत घेऊ नका.

निपल_पाना

मान्य. चौथाच. पाचव्याचा विचार करताना फ्लँज विसरलो.

फक्त एक भर. वरचं वाचून कुणी गंधारासाठी पुढच्या चाकालाही फिल्म लावेल, तर लावू नका. मागे काही अडकलं तर चाक घासतं, पुढे अडकलं तर माणूस हँडलवरून पुढे जातो. चिमटा लावायचाच असेल तर पुढे फक्त कागदी पान, आणि तेही दोऱ्याने बांधलेलं. पुढच्या चाकाजवळ जाणारी प्रत्येक वस्तू अशी हवी की अडकली तर ती फाटेल, चाक थांबणार नाही.

कोनाड्यातली_सायकल

भन्नाट माहिती. वायर तपासली, निम्मी ४ स्क्वेअरची निघाली (गिझरची असावी) आणि थोडी १.५ ची. चालेल का? आणि सीडी चाकांत चमकवायच्या होत्या त्याबद्दल कुणी बोललं नाही. डबाही राहिला.

निपल_पाना

४ स्क्वेअरची नळी स्पोकवर सैल पडते आणि पहिल्याच खड्ड्याला घसरत हबपाशी जाऊन खुळखुळते. ती सोडा. १.५ ची चालते, चीर थोडी उघडी राहते इतकंच, पण पकड उलट घट्ट असते. रंग कमी पडले तर ५ सेंमीचे तीन वेगवेगळ्या रंगांचे तुकडे एकामागे एक लावा, १५ सेंमीच्या अखंड नळीपेक्षा ते जास्त उठून दिसतं.

पत्र्याचा_पेटारा

डब्याचं मी सांगतो.

१५ किलोचा चौकोनी डबा साधारण २३ सेंमी बाय २३ सेंमी आणि ३५ सेंमी उंच असतो. पूर्ण उंचीचा ठेवलात तर सीटवरून पाय मागे टाकून उतरताना लाथ बसते. २० सेंमीवर कापा. आधी आत गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा, तेलाचा थर सुटतो. तेलकट पत्र्यावर कात्री घसरते आणि हात कापतो, म्हणून धुणं आधी, कापणं नंतर. कापायची रेघ २० वर नाही, २१.५ सेंमीवर मारा. वरचा दीड सेंमी चारही कोपऱ्यांत तिरका छेद देऊन बाहेर दुमडायचा आणि त्या घडीत जुना स्पोक घालून हातोडीने बसवायचा. काठ गोल होतो, कापत नाही आणि डब्याला ताठपणा येतो. एका बाजूला एक, असे चार स्पोक लागतात. त्यासाठी निपल नसलेले, वाकडेतिकडे स्पोक वापरा. चांगले पुढच्या कामाला ठेवा.

पुढचं काम म्हणजे डबा कॅरियरला धरून ठेवणं. स्पोक आणि निपल म्हणजे फुकटचा नट-बोल्ट आहे. आटे असलेल्या टोकाकडून ८ सेंमीवर स्पोक तोडा. तुटलेल्या टोकाला पक्कडीने आकडा करा, कॅरियरच्या सळईभोवती अर्धा वेढा बसेल असा. डब्याच्या बुडाला (डब्याला भोक पाडायला तुमची हरकत नसावी, हरकत सायकलला होती) सळईच्या अगदी वर ४ मिमीचं छिद्र पाडा. स्पोक खालून वर घ्या, आतून वॉशर टाका आणि निपल आवळा. निपलचं डोकं इतकं लहान असतं की वॉशरशिवाय ते पातळ पत्र्यातून आरपार निघून येतं. हवा तसा वॉशर नसेल तर सोड्याचं बूच ठोकून चपटं करा आणि मध्ये निपलची मान जाईल एवढं भोक पाडा, छान पसरट वॉशर होतो. असे चार आकडे, दोन पुढे दोन मागे.

इथे एक चूक बहुतेकांची होते. स्पोकचे आटे जेमतेम एक सेंमी लांब असतात. स्पोक मोजून नाही तोडला तर निपल आट्यांच्या शेवटाला अडकतं आणि डबा डुगडुगतच राहतो. आवळल्यासारखा वाटतो, कारण पाना फिरत नाही. म्हणून आकडा कॅरियरला लावून, डबा ठेवून, आटे आत किती वर येतात ते बघूनच वाकवण्याची जागा ठरवा. जास्त वर आले तर निपलखाली आणखी एक बूच घाला. कमी पडले तर तो स्पोक गेला, दुसरा घ्या.

डबा आणि कॅरियर यांच्यामध्ये ट्यूबचा तुकडा चिरून पसरा. खडखड थांबते आणि कॅरियरचा रंग वाचतो. बुडाला कोपऱ्यांत चार छिद्रं ठेवा, पाणी साचलं की शिवणीतून गंज लागतो. आत गुढीची साखरगाठी, कडुलिंबाचा डहाळा, झेंडूची फुलं, काय हवं ते ठेवा, पण ४-५ किलोच्या वर नको. जड वस्तू सीटच्या बाजूला. एक्सलच्या मागे वजन गेलं की जुन्या रोडस्टरचं (तुमच्यासारख्या उंच, जड सायकलीचं) हँडल हलकं होऊन डगमगतं, आणि मिरवणुकीच्या वेगाला ते जास्तच जाणवतं.

डब्यावरची छपाई घासून काढू नका. तेलाच्या डब्याचं सौंदर्य त्या छपाईतच आहे.

लाल_दिवा

सीडीबद्दल माझं मत सरळ आहे, चाकात नको. चमकतात खऱ्या, पण सीडी तुटली की लांब धारदार कपच्या उडतात, आणि मिरवणुकीत शेजारी लहान मुलं चालत असतात. शिवाय सीडीला रिफ्लेक्टर समजणं चुकीचं. रिफ्लेक्टर प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतो, सीडी आरशासारखी भलतीकडे फेकते. गाडीवाल्याला ती दिसेलच याची खात्री नाही. लावायचीच तर एक, कॅरियरवरच्या डब्याच्या मागच्या बाजूला सपाट, मधल्या १५ मिमीच्या भोकातून.

एक्स-रे फिल्मचं मात्र भिरभिरं करा. अजून कुणी ते सुचवलं नाही याचं आश्चर्य वाटतं. डार्करूममध्ये धुतलेल्या जुन्या फिल्मा पातळ केलेल्या ब्लीचमध्ये (एक भाग ब्लीच, चार भाग पाणी) १०-१५ मिनिटं बुडवल्या की काळा थर सुटतो आणि निळसर पारदर्शक पत्रा हाती येतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि त्यात संडास धुवायचं ॲसिड चुकूनही जाऊ देऊ नका, विषारी वायू होतो. एकदोन फिल्मा काळ्याच ठेवा. निळसर आणि काळी पाती एकाआड एक छान दिसतात, आणि एखाद्या पात्यावर बरगड्या आल्या तर मुलं तिथेच थांबतात.

१४ सेंमीचा चौकोन, चारही कोपऱ्यांतून कर्णावर छेद, मधोमध २ सेंमी सोडून. एकाआड एक कोपरे मध्ये आणून सगळ्यांतून ३ मिमीचं भोक. कणा म्हणून स्पोक, आटे पुढे. क्रम असा: निपल, मणी, भिरभिरं, रिफिलच्या रिकाम्या नळीचा १ सेंमी तुकडा, त्यामागे स्पोकवर सुताचे पाच-सहा घट्ट वेढे म्हणजे ते मागे सरकत नाही. निपल थोडं सैल ठेवा, आणि ते आपोआप उलगडू नये म्हणून आट्यांवर नेलपॉलिशचा ठिपका.

चालण्याच्या वेगाला वारा जेमतेम सेकंदाला एक मीटर मिळतो. भिरभिरं तेव्हाच फिरतं जेव्हा ते फुंकरीने फिरतं. आधी तोंडाने हळू फुंकून बघा. अडलं तर बहुतेक वेळा भोक तिरकं पडलेलं असतं किंवा मणी खरबरीत असतो. एक थेंब शिवणयंत्राचं तेल द्या.

हँडलच्या टोकांना लावू नका. जुन्या रोडस्टरचं हँडल जमिनीपासून साधारण मीटरभर उंच, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांशी. मधल्या दांड्याला, दिव्याच्या वर, ट्यूबच्या पट्टीने जखडा आणि पात्यांची टोकं नखं कापायच्या कटरने गोल करा.

सा_आणि_गंधार

बुचं वाया घालवू नका, त्यांची झांज होते. बुचं दहा मिनिटं उकळा म्हणजे आतली प्लास्टिकची चकती सुईने निघते. ती राहिली तर आवाज येत नाही, नुसतं थपथप. मग दगडी पाट्यावर उलटी ठेवून हलक्या हाताने चपटी करा, मध्ये खिळ्याने ३ मिमीचं भोक. खोलगट बाजू समोरासमोर येईल अशी दोन-दोन बुचं स्पोकच्या तुकड्यावर ओवा, तीन जोड्या पुरेत, आणि दर जोडीला १ सेंमी मोकळं अंतर ठेवा. जास्त जोड्या घातल्या की एकमेकींना दाबतात आणि मुक्या होतात.

हे सीटच्या मागच्या दोन स्प्रिंगांच्या मध्ये आडवं बांधा. बसलेला माणूस पायडल मारताना स्प्रिंग खालीवर होते तेव्हा वाजतं. ३-४ किमी वेगाला फिल्मपेक्षा हे जास्त ऐकू येतं, कारण ते चाकावर नाही, तुमच्या बसण्यावर वाजतं.

कोनाड्यातली_सायकल

वायर, झांज, डबा आणि एक भिरभिरं, एवढं पक्कं. नायलॉन साडी सायकलीवर चढवणार नव्हतो, पण खालून वर गुंडाळायचं कळल्यावर दांडी आणि सीटची नळी करतोय. एकच शंका: यात्रेनंतर गुलालाचं काय? मागच्या वेळी एका सायकलीच्या सोनेरी रेघा गुलाबी होऊन गेल्या होत्या.

चिंध्या_ते_गोधडी

ओल्या फडक्याने पुसलं की गुलाल भिजून रंगात उतरतो. आधी कोरडाच झाडा: रंगाचा मऊ ब्रश, वरून खाली, मडगार्डच्या कडा आणि ब्रेकच्या रॉडचे सांधे नीट. मग सगळं कापड सोडा, उलट क्रमाने, वरच्या टोकापासून. त्यानंतरच भिजवून घट्ट पिळलेलं सुती फडकं, आणि लगेच कोरडं. रेघांवर रॉकेल किंवा थिनर नको, गुलालाबरोबर रेघही जाते. यात्रेला निघायच्या आदल्या रात्री मडगार्डवर मेणाचा, म्हणजे गाडीच्या साध्या पॉलिशचा पातळ हात दिलात तर गुलाल चिकटतच नाही. एखाद्या रेघेचा कोपरा उचललेला असेल तर तेवढी जागा सोडून. आणि चेन विसरू नका, तेलावर बसलेला गुलाल चेनमध्ये पॉलिश पेपरसारखा काम करतो. ती आधी कोरडी पुसा, मग नवीन तेल.

पत्र्याचा_पेटारा

आणि डबा काढताना निपल सोडवून आकडे फेकू नका. गणपतीत लागतील.